व्हॉल्व्ह पेटतो, तांबं गातं

यंदाच्या अंकाचा विषय 'आवाज' ठरला तेव्हा संपादकांनी मला एक छायाचित्र पाठवलं. अ‍ॅम्प्लिफायर नवाकोरा. पण दोन्ही बाजूंना अक्रोडी लाकूड, समोर पिवळ्या उजेडात डुलणारे दोन काटे, पितळी रंगाची जाडजूड बटणं आणि डोक्यावर उघडेच मांडलेले काचेचे व्हॉल्व्ह. थाट सगळा १९६० सालचा. सोबत एका ओळीचा निरोप होता: हे कोण घेतं, का घेतं आणि बिघडलं तर कुठं नेतं, तेवढं बघून या.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुण्यात बसूनही मिळाली असती. तिसऱ्यासाठी सोलापूर गाठलं. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावात लूम बंद पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे बिघडलेलं यंत्र संध्याकाळच्या आत चालू करून देणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. शिवाय गाणं ऐकण्याच्या बाबतीत सोलापूरकर हौशी. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी ती अनेक वर्षं चालवली, 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक काढलं. या संस्थेच्या मुंबईबाहेरच्या शाखांमध्ये सोलापूरचं नाव आहे.

जुळे सोलापुरातली खोली

जुळे सोलापूर या शहराच्या उपनगरात ज्यांच्या घरी गेलो त्यांनी उभं आयुष्य लूमचे सुटे भाग विकण्यात घालवलं. नाव छापू नका म्हणाले. 'लोकं गाणं ऐकायला येत नाहीत हो, किंमत विचारायला येतात.' किंमत मीही छापत नाही. चांगल्या दुचाकीला पडतात तेवढे पैसे समजा.

खोली साधी, बारा बाय चौदाच्या आसपास. एका भिंतीला एलपींची फळी, खाली टर्नटेबल आणि त्याशेजारी तो छायाचित्रातल्यासारखा अ‍ॅम्प. त्याच्यावर मागच्या रांगेत चार ईएल-३४ व्हॉल्व्ह, पुढच्या रांगेत बोटाएवढे छोटे व्हॉल्व्ह, आणि सगळ्यांच्या मागं काळ्या रंगाचे तीन ठोकळे. येणाऱ्याची नजर काचेवर जाते, ठोकळ्यांकडे कुणी बघत नाही. पण पुढं सगळी गोष्ट त्या ठोकळ्यांचीच आहे.

त्यांनी स्विच दाबला. काहीच वाजलं नाही. मी टर्नटेबलच्या सुईकडे बघायला लागलो तसे म्हणाले, 'थांबा की जरा, तापू द्या.' काचेच्या आत आधी तांबूस, मग केशरी उजेड आला. अर्ध्या मिनिटानं स्पीकरमधून अगदी बारीक सुसकारा ऐकू आला आणि मग त्यांनी सुई टेकवली. कुमार गंधर्वांची एलपी होती. तंबोरे आधी सुरू झाले आणि ते दोन आहेत हे सांगावं लागलं नाही. कुमारांचा आवाज स्पीकरच्या पेटीतून न येता दोन पेट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आला. डग्ग्याचा घुमार मात्र जरा जास्तच गुबगुबीत होता. पुण्यात मी ऐकतो त्या साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर तो इतका फुगत नाही.

'इंटिग्रेटेड' म्हणजे काय, ते त्यांनीच दाखवलं. हाय-फायच्या हौशी लोकांत सिग्नल निवडणारा आणि सांभाळणारा प्री-अ‍ॅम्प वेगळा, स्पीकर हलवणारा पॉवर अ‍ॅम्प वेगळा, अशी दोन डब्यांची पद्धत आहे. इंटिग्रेटेडमध्ये दोन्ही एकाच चासीवर बसतात. मागं टर्नटेबल, सीडी, फोन यांच्या तारा लावा, पुढं एका बटणानं हवं ते निवडा, दुसऱ्यानं आवाज वाढवा. घरात बायकोची हरकत निम्म्यानं कमी होते, हा त्यांनी सांगितलेला फायदा. आतून बाई म्हणाल्या, 'निम्म्यानं कसली? ऐकायला मीच जास्त बसते.'

मग त्यांनी त्याच स्पीकरना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प जोडून तीच बाजू पुन्हा लावली. डग्गा आवरला, तंबोरे किंचित मागं सरकले. फरक होता. पण या विषयावरच्या गप्पांत जेवढा सांगतात त्याच्या चौथाईसुद्धा नव्हता. दारामागून ऐकवला असता तर मी पैज लावली नसती.

काचेच्या आत

व्हॉल्व्हचं तत्त्व शाळेतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली. मध्ये एक बारीक धातूची नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. आत तार, म्हणजे हीटर, तापवली की लेप सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडायला लागतो. भोवती पत्र्याची प्लेट, तिला तीनशे-चारशे व्होल्ट. इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात. या दोघांच्या मध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं, ते ग्रिड. ग्रिडवर सुईकडून आलेला इवलासा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनांचा मोठा ओघ त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. इंग्लंडमध्ये फ्लेमिंगनं १९०४ मध्ये दोन टोकांची नळी केली, १९०६ मध्ये अमेरिकेत डी फॉरेस्टनं तिच्यात तिसरं टोक घातलं. लांबचा टेलिफोन, रेडिओ, बोलपट सगळे त्या तिसऱ्या टोकावर उभे राहिले.

काचेच्या टोकाशी चांदीसारखा डाग असतो तो शोभेचा नव्हे. तो बेरियमचा थर आहे आणि आत राहिलेली हवेची कणी खाऊन टाकणं हे त्याचं काम. सोलापुरातल्या ज्या मेकॅनिकची गाठ पुढं पडणार आहे त्यानं मला व्हॉल्व्ह पारखायची पहिली खूण हीच सांगितली: 'चांदी पांढरी पडली की समजायचं, हवा शिरली. तो व्हॉल्व्ह गेला.' त्यासाठी मीटरही लागत नाही.

आता अडचण. व्हॉल्व्हमध्ये व्होल्ट भरपूर पण करंट अगदी थोडा, अँपिअरच्या हजारातल्या काही भागांचा. स्पीकरचं उलटं, त्याला व्होल्ट थोडे चालतात पण करंट दणकून लागतो. दोघांची थेट सोयरीक जमत नाही. मधे ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो, आणि तेच ते काळे ठोकळे: एक विजेचा, दोन आउटपुटचे. ईएल-८४ या लहान पॉवर व्हॉल्व्हची जोडी घेतली तर तिला समोर साधारण आठ हजार ओहमचा भार हवा असतो, आणि स्पीकर आहे आठ ओहमचा. हजारपट अंतर. वेढ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळाइतकं लागतं; हजाराचं वर्गमूळ एकतीस-बत्तीस, म्हणून व्हॉल्व्हकडच्या प्रायमरीला बत्तीस वेढे तेव्हा स्पीकरकडच्या सेकंडरीला एक, असं हे गणित बसतं. गाण्याचा प्रत्येक स्वर या तांब्यातून आणि लोखंडातून जातो. खर्ज उतरायला गाभा मोठा आणि वेढे भरपूर हवेत. वरचे स्वर स्वच्छ यायचे तर प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक गुंडाळावे लागतात. पहिल्या मागणीमुळे दुसरी अवघड होते. चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे या दोन मागण्यांची तडजोड, आणि अ‍ॅम्पच्या किमतीतला मोठा वाटा तिथंच जातो.

हा जुनेपणा कुणाचा?

हाय-फायमधल्या व्हॉल्व्हचा सोन्याचा काळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधराएक वर्षं. १९४७ मध्ये विल्यमसननं 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात आपलं सर्किट छापलं. १९५३ मध्ये क्वाड-२ हा अ‍ॅम्प आला. १९५४ मध्ये मलार्ड कंपनीनं पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅटचं 'फाइव्ह-टेन' सर्किट हौशी लोकांसाठी खुलं केलं, १९५९ मध्ये अमेरिकेत डायनाकोचा स्टिरिओ-७० निघाला. आज चीनमधून, जपानमधून येणारे लाकडी बाजूंचे अ‍ॅम्प दिसतात ते या यंत्रांसारखे.

आपल्या घरांत मात्र हा काळ कधी आलाच नाही. आपल्याकडे व्हॉल्व्ह होता तो रेडिओत. मर्फीचा, फिलिप्सचा, वर खादीचा किंवा क्रोशाचा रुमाल टाकलेला, स्टेशन नीट लागलं की मिटणाऱ्या हिरव्या मॅजिक आयचा. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी 'गीतरामायणा'ची लागली, ती महाराष्ट्रानं ऐकली अशाच व्हॉल्व्हमधून. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवर सिनेसंगीताला उतरती कळा लागली आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लोक शॉर्टवेव्हचा काटा मिलिमीटरनं सरकवत तिचे निवेदक अमीन सायानी शोधायला शिकले. श्रीमंताघरी फार तर रेडिओग्राम असे, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात. वेगळा अ‍ॅम्प, वेगळे स्पीकर, मध्ये बसायची खुर्ची, ही चैन परदेशी मालावरच्या बंधनांच्या त्या काळात आपल्या दिवाणखान्यात आली नाही. आली तेव्हा सत्तरचं दशक उजाडलं होतं आणि देशी कंपन्यांनी थेट ट्रान्झिस्टरच घरात आणला.

दिवाणखान्याबाहेर मात्र व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प होते. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, गणपतीत, लग्नात कर्णे वाजवणारे जडशीळ डबे लाऊडस्पीकरवाल्याच्या हातगाडीवर असत. सिनेमाच्या पडद्यामागचा आवाजही व्हॉल्व्हचाच. एकाच आवारात अनेक चित्रमंदिरं असलेल्या सोलापुरात सिनेमाचं वेड होतं तसं ती यंत्रं सांभाळणाऱ्यांची गरजही होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढं रेडिओची दुकानं घालून बसली.

देशानं व्हॉल्व्ह बनवायला घेतले ते फार उशिरा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणजे 'बेल'ची, स्थापना १९५४ ची. रेडिओचे व्हॉल्व्ह तिथं १९६१ पासून बनू लागले आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच कारखान्यात जर्मेनियमचे सेमीकंडक्टरही सुरू झाले. म्हणजे नवरदेव बोहल्यावर चढला तोच सवत दारात. तरीही 'बेल'चे व्हॉल्व्ह पुढं कित्येक वर्षं निघाले. आज परदेशातले शौकीन ते शोधतात. आपल्याकडे ते जुन्या रेडिओवाल्यांच्या खोक्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सापडतात.

एवढ्यासाठीच सोलापुरात हा 'व्हिंटेज' अ‍ॅम्प बघताना मला तो थोडा उसना वाटला. लंडनच्या किंवा टोकियोच्या कुणाच्या तरी आजोबांच्या खोलीची ती आठवण आहे. आपल्या आजोबांच्या वस्तूसारखी वस्तू कुणी बनवायला घेतली तर तिला मॅजिक आय असेल, हे मी जुळे सोलापुरात बोलून दाखवलं. मालक हसले. त्यांच्या वडिलांचा रेडिओ माळ्यावर होता, आणि त्याच्या आतले व्हॉल्व्ह त्यांनी कुणाला दिले तेही आठवत होतं.

गोडव्याचा हिशेब

व्हॉल्व्हचा आवाज 'गोड', 'उबदार' का लागतो, याची एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. अ‍ॅम्प मूळ स्वरात स्वतःची भर घालतो. दुप्पट कंपनांचा स्वर मिसळला तर तो तार सा. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. चौपट म्हणजे आणखी वरचा सा, पाचपट म्हणजे गंधार. सातपटीला घोटाळा होतो: कोमल निषादाच्या आसपासचा पण उतरलेला, कुठल्याच पेटीवर न सापडणारा स्वर. व्हॉल्व्ह खालची भर घालतो, ट्रान्झिस्टर कडेलोट झाला की वरची, कर्कश भर घालतो; म्हणून व्हॉल्व्ह गोड, असा युक्तिवाद.

यात तथ्य आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो तेव्हा तोही मूळ स्वराच्या अंगातून वरचे स्वर उठवत असतो आणि त्यालाच आपण तंबोरा 'बोलला' म्हणतो. कानाला भर आवडते, फक्त ती कुठली, हे ठरलेलं असतं.

पण ही गोष्ट सांगणारे एक कलम गाळतात. दुप्पट-चौपटीची भर मुबलक मिळते ती सिंगल-एंडेड अ‍ॅम्पमध्ये, जिथं एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह काम करतो. ३००बी सारखा नामांकित व्हॉल्व्ह असा लावला तर आठेक वॅट मिळतात. बाजारातले बहुतेक ईएल-३४ चे अ‍ॅम्प, जुळे सोलापुरातला धरून, पुश-पुल असतात: दोन व्हॉल्व्ह एकाच ट्रान्सफॉर्मरला दोन्ही टोकांनी ओढतात. जोडीमुळे पस्तीस वॅटपर्यंत मजल जाते, पण याच रचनेत दोघांची सम पटीतली भर एकमेकांना छेदून जाते. म्हणजे जाहिरात ज्या तार सा ची, तोच या यंत्रात खोडला जातो. मग गोडवा कुठून येतो?

माझ्या समजुतीप्रमाणे दोन ठिकाणांहून. एक, आवाज अंगावर आला तरी व्हॉल्व्ह एकदम तोडत नाही, कडा गोलवत जातो. ताना घेताना गवई माइकजवळ सरकला की हे जाणवतं. दुसरं कारण त्याहून मोठं आणि कमी रोमँटिक. स्पीकरच्या पडद्याला थांब म्हटल्यावर थांबवण्याची ताकद व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये कमी असते, कारण ट्रान्सफॉर्मरमधून पोचणारा त्याचा लगाम ढिला असतो. त्यामुळे पडदा स्वतःच्या मर्जीनं थोडा अधिक डोलतो, खर्ज फुगतो. डग्गा गुबगुबीत झाला तो इथं. स्पीकर त्याला साजेसा असेल तर हे भरदार वाटतं, नसेल तर चिखल.

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचा व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प आणि तिचेच ट्रान्झिस्टरचे दोन अ‍ॅम्प पडद्याआड ठेवून जाणत्या श्रोत्यांना ऐकवले होते. वृत्तांत 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच आला. यंत्रं मर्यादेच्या आत चालवली तर श्रोत्यांना कुठला कुठला ते सांगता आलं नाही. हा निकाल जुळे सोलापुरात सांगितला तर मालक म्हणाले, 'बरोबरच असणार. पण ते यंत्र मी उघडून बघू शकतो का? हे बघू शकतो.' माझ्या मते अख्ख्या चर्चेतलं सगळ्यात ठोस वाक्य हेच होतं.

लूमच्या गावातलं वाइंडिंग

उघडून बघणारा माणूस पूर्व भागात राहतो. विणकर पद्मशाली वस्तीच्या गल्ल्यांतून लूमचा खडखडाट अंगावर घेत त्याच्या दुकानात पोचलो. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, वर टांगलेले मोटारींचे जळके कॉइल. शिकाऊ पोराशी तो तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि गिऱ्हाइकाशी दखनीत बोलत होता. व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसला, मग टेप आले, मग टीव्ही. आता पोट चालतं ते मोटारींवर आणि वाइंडिंगवर. 'व्हॉल्व्हचं काम वर्षातून दोन-चार. हौस म्हणून.'

टेबलावर कुणाचा तरी रेडिओ उघडा पडला होता. तो सुरू करण्याआधी त्यानं मुख्य वायरीच्या मध्ये साधा शंभर वॅटचा बल्ब जोडला. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, पण रेडिओ जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा उजळून मंद होतो. हा 'सिरीज लॅम्प' भारतातल्या प्रत्येक रेडिओ मेकॅनिकची ढाल आहे. बल्ब मंद झाला तसा त्यानं डावा हात मागं कमरेवर ठेवला आणि उजव्या हातानं मीटरची काडी टेकवली. चासीत काहीशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो. स्विच बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात, म्हणून कामाला लागण्याआधी ते रेझिस्टन्स लावून रिकामे करायचे. काही जुन्या रेडिओत तर विजेचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी थेट लाइनला. असे सेट तो पोराला हात लावू देत नाही.

जुन्या यंत्रांत व्हॉल्व्ह फार क्वचित जातो, असं त्याचं म्हणणं. जातात ते कागदी कंडेन्सर, कारण ते गळायला लागतात आणि पुढच्या व्हॉल्व्हवर नको ते व्होल्ट पडून तो लालबुंद होतो. जातात ते वाळलेले फिल्टर कंडेन्सर, मग स्पीकर गुणगुणतो. आपली वीज पन्नास सायकलची, डीसी करताना ती शंभर होते, म्हणून ही गुणगुण हार्मोनियमवर पांढरी पाचच्या जरा वर लागते. तीच एक सप्तक खाली असेल तर दोष फिल्टरमध्ये नाही, हीटरच्या तारांत शोधायचा. हे गणित त्याला ठाऊक नव्हतं. दोन गुणगुणींतला फरक मात्र तो शटरच्या बाहेर उभा राहून ओळखतो.

आणि जातो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो बहुधा मालकाच्या हातून जातो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता जोरात चालवला की प्रायमरीत व्होल्ट बेफाम चढतात आणि आतल्या आत ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरच्या सवयीची माणसं हे हमखास करतात. मग तांबं नव्यानं गुंडाळावं लागतं.

इथं सोलापूर कामाला येतं. दुकानदार म्हणाला तसं, मोटार भरणाऱ्याला जळका कॉइल उलगडताना वेढे मोजायची सवय असते. गेज बघायचं, थर मोजायचे, कागद कुठं होता ते लिहून ठेवायचं आणि जसंच्या तसं परत भरायचं. ट्रान्सफॉर्मर मोटारीपेक्षा किचकट, कारण केसासारख्या तारेचे अडीच-तीन हजार वेढे, त्यांत सेकंडरीचे थर अधूनमधून सरकवायचे, प्रत्येक थरावर कागद, वेढा वेढ्यावर चढू द्यायचा नाही. मग ई आणि आय आकाराच्या पट्ट्या भरायच्या. पुश-पुलला त्या आळीपाळीनं, सिंगल-एंडेडला सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट, नाहीतर गाभा डीसीनं भरून बसतो आणि खर्ज गायब. शेवटी वार्निशमध्ये बुडवून भाजायचं. मोटारींसाठीची भट्टी होतीच.

असा गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर त्यानं फडताळातून काढून दाखवला. जुन्या कर्ण्याच्या अ‍ॅम्पचा. टेप मारलेला, वर पेन्सिलनं तेलुगूत वेढ्यांचे आकडे. जपानी ट्रान्सफॉर्मरशी तो तोलायचा नाही, त्याचं कारण पट्ट्यांचं लोखंड. साध्या स्टॅम्पिंगऐवजी सीआरजीओ या चांगल्या पोलादाची पट्टी मिळाली तर निम्मी लढाई जिंकली, असं तो म्हणाला. ती थोडी-थोडकी कुणी देत नाही, हे त्याचं दुखणं.

उन्हाळा आणि पुरवठा

चार ईएल-३४ च्या अ‍ॅम्पची वीज मोजली तर दीडशे-दोनशे वॅट भरते. एका ईएल-३४ चा नुसता हीटर साडेनऊ वॅट खातो. उलट बैठकीत आपण ज्या आवाजात गाणं ऐकतो त्याला साजेशा स्पीकरवर एखादा वॅट पुरतो. म्हणजे दोनशे वॅट खोलीला आणि एक वॅट गाण्याला. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढं असताना, ही चूल कुणी पेटवणार नाही. जुळे सोलापुरातले मालक एप्रिल ते जून तो अ‍ॅम्प झाकूनच ठेवतात. दसरा-दिवाळी ते होळी हा त्यांचा हंगाम.

व्हॉल्व्हसुद्धा संपतो. लेप झिजतो, आवाज हळूहळू मवाळ होतो. नवे येतात मुख्यतः तीन ठिकाणांहून: रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातला जेजेचा कारखाना आणि चीन. २०२२ मध्ये रशियानं निर्यात अडवली तेव्हा जगभर टंचाईची आवई उठली. या कारखान्यांना जगवतात ते आपल्यासारखे एलपी ऐकणारे नव्हेत, इलेक्ट्रिक गिटारवाले. त्यांचे अ‍ॅम्प आजही व्हॉल्व्हवर चालतात, कारण त्यांना तो आवाज मुद्दाम फाडायचा असतो. कुमारांची एलपी सोलापुरात ऐकण्याची सोय कुठल्याशा रॉक वाजवणाऱ्या पोरांमुळे टिकली आहे, हे मला फार आवडलं.

घ्यायचा असेल तर

बाजारात या थाटाची सोंगंही पुष्कळ आहेत. एखाददोन छोटे व्हॉल्व्ह वर दिसतात, खाली केशरी एलईडी लावलेला असतो आणि खरं काम आतली चिप करते. ओळखायचं सोपं आहे. बंद करा: एलईडी तत्काळ विझतो, खरा हीटर सावकाश मावळतो. उचलून बघा: तीन ट्रान्सफॉर्मरचा खरा अ‍ॅम्प एका हातानं उचलवत नाही. आवाज आधी आणि उजेड नंतर, असं झालं तर पैसे परत खिशात घाला.

स्पीकर आधी बघा, अ‍ॅम्प मागाहून. एका वॅटला नव्वदच्या पुढं डेसिबल देणारा स्पीकर असेल तर आठ वॅटही भरपूर. शहाऐंशीचा असेल तर पस्तीस वॅटही कमी वाटतील. लहान मूल घरात असेल तर व्हॉल्व्हवर जाळी हवीच, ती काच हाताला भाजते. आणि आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढलात तर तो थेट प्लगमध्ये घालू नका. सिरीज लॅम्पवाला माणूस गाठा. भंगारवाला त्याचे तांब्याच्या वजनाचे पैसे देईल, त्यातल्या 'बेल'च्या व्हॉल्व्हचे देणार नाही.

माझं मत विचाराल तर हा अ‍ॅम्प आवाजासाठी घेऊ नका. त्याच पैशात ट्रान्झिस्टरचा अधिक नेमका आवाज मिळतो. वीस वर्षांनी उघडून दुरुस्त करता येईल असं यंत्र घरात हवं असेल तर जरूर घ्या. घेताना विक्रेत्याकडे सर्किट डायग्राम आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा तपशील मागा. देत नसेल तर लाकूड कितीही सुंदर असलं तरी तो घेऊ नका.